भिंतीआडचा जोड

मानखुर्दच्या दक्षिणेस तुर्भ्याच्या किनाऱ्यावर १९५६ सालापासून टाटांचे औष्णिक वीजकेंद्र चालत आले आहे, उत्तरेस देवनारची कचराभूमी १९२७ सालापासून वाढत गेली आहे, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, रेल्वेच्या रुळांकाठून उठवून आणलेल्या कुटुंबांसाठी बांधलेल्या पुनर्वसनाच्या इमारतींत, मंडाळ्याच्या भंगारबाजारात आणि दाट वस्तीतल्या चिंचोळ्या गाळ्यांत, हातावर पोट असलेल्या असंख्य कारागिरांचे व्यवसाय दाटीवाटीने नांदत आहेत. ज्याला स्वतंत्र गाळा परवडत नाही तो दुसऱ्याशी भागीने घेतो. एका अंगास शिलाईयंत्रे, दुसऱ्या अंगास सुतारकाम, कोपऱ्यात ग्राइंडर, अशी ती सामायिक कर्मशाळा उभी राहते. तेथे हत्यारांची मालकी ठरलेली असते, भाड्याचा वाटा ठरलेला असतो, झाडलोटीची पाळीसुद्धा ठरलेली असते. परंतु भिंतीवरून गेलेली तार कोणाची, हे मात्र कधी ठरत नाही. ती सर्वांची असते, आणि म्हणूनच तिच्याकडे पाहण्याची पाळी कोणावरच येत नाही.

जागा प्रथम ताब्यात आली तेव्हा दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा, एवढ्यापुरतीच ती तार घातलेली असते. पुढे कोणी शिलाईयंत्राला मोटार बसवतो, कोणी ड्रिल आणतो, आणि मग एखाद्या दिवशी वेल्डिंगचा संच दारात येऊन उभा राहतो. यंत्रे वाढतात, तार तीच राहते. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा शाळेत पाठ केलेला नियम येथे भिंतीआड, कोणाच्याही दृष्टीस न पडता, आपला अंमल बजावीत असतो. त्यातही तार सर्वत्र सारखी तापत नाही. ती तापते जोडावर. असा एखादा जुना बोर्ड मेन स्विच बंद करून उघडला, तर लाकडाचा भुसा आणि कापडाचा तंतू यांचा थर बाजूस सारल्यावर न्यूट्रलच्या स्क्रूपाशी तारेचे वेष्टण तपकिरी होऊन चुरचुरीत झालेले दिसते, तांब्याची लाली जाऊन काळेपणा आलेला असतो, आणि नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड बोटाला चिकटतो. खाडीचा खारा, दमट वारा तांब्यावर गंज चढवतो, गंजामुळे जोडाचा रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते, उष्णतेने स्क्रू आणखी सैल होतो. वायरमन ज्याला ‘लूज कनेक्शन’ म्हणून एका शब्दात निकालात काढतो, त्याची ही अशी परंपरा आहे.

असे जुने वायरिंग बदलण्याचे काम स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी करावे, शिकता शिकता करावे आणि आपल्याच वस्तीसाठी करावे, या विचाराला महाराष्ट्रात एक भक्कम आधार आहे. अंधेरीच्या हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शेती, यंत्रकाम, गृह-आरोग्य आणि ऊर्जा हे विषय तेथील मुले प्रत्यक्ष काम करून शिकली, आणि शिकलेली विद्या, घरातील वायरिंगसुद्धा, लोकांच्या उपयोगी पाडू लागली. २००२ साली याच पाबळला ‘फॅब लॅब’ ही आधुनिक यंत्रसामग्रीची सामायिक कर्मशाळा सुरू झाली. कलबागांचे २००३ साली निधन झाले. पण ज्या मुलाने एकदा स्वतः तार ओढली आहे, तो दुसऱ्याच्या घरातील उघडी तार पाहून स्वस्थ बसत नाही, ही त्यांच्या शिक्षणाची कमाई मला फार मोलाची वाटते. विज्ञानशिक्षणाला वाहिलेले होमी भाभा केंद्र मानखुर्दमध्येच आहे. तेव्हा हा विचार या वस्तीला परका वाटण्याचे कारण नाही.

तथापि स्वयंसेवकांनी आपल्या उत्साहाची हद्द प्रथम ओळखली पाहिजे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, खटके बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विजेच्या मांडणीतील कोणतेही नवे काम किंवा फेरफार परवानाधारक ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानगी असलेल्या वायरमनच्या हातूनच व्हावा, असे बंधन घातले होते, आणि पुढे नियमावली बदलली तरी हे तत्त्व कायम राहिले. कित्येकांना ही सरकारी अडवणूक वाटते. मला तसे वाटत नाही. चुकीचा जोड ज्याने केला त्यालाच धक्का देतो असे नाही. वर्षभरानंतर, ओल्या हाताने यंत्राला स्पर्श करणाऱ्या परक्या बाईला देतो.

मग स्वयंसेवकांनी करावे काय? पुष्कळ. सर्वांत आधी कागद घेऊन बसावे आणि प्रत्येक यंत्राच्या पाटीवरील वॅट व अँपिअर उतरवून, कोणती यंत्रे एकाच वेळी चालतात याचा तपशील तयार करावा. अर्धा दिवस खाणारे हे काम बहुधा टाळले जाते, आणि म्हणूनच नवी मांडणीही दोन वर्षांत जुन्या वळणावर जाते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पण मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, हे ध्यानात ठेवूनच हिशेब करावा लागतो. या यादीवरून पर्यवेक्षक दिव्यांची आणि यंत्रांची मंडले वेगळी पाडतो. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, सॉकेटांना अडीचची, जड यंत्रांना चारची किंवा अधिक जाडीची तांब्याची तार ठरवतो, आणि वेल्डिंगला स्वतंत्र लाइन देतो. भिंतीत खाचा पाडणे, पाइप बसवणे, प्रत्येक तारेच्या टोकाला चिठ्ठी लावणे, कोणता खटका कोणत्या यंत्राचा हे मराठीत आणि हिंदीत रंगवून लिहिणे, ही कामे पुरवठा तोडलेला असताना, देखरेखीखाली स्वयंसेवकांना करता येतात. जोडणी वायरमनची.

एका उपकरणाबद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. फ्यूज किंवा एमसीबी हे तारेचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. दहा अँपिअरचा एमसीबी दहा अँपिअर निर्वेधपणे जाऊ देतो, आणि माणसाच्या जीवाला धोका उत्पन्न व्हायला त्याचा अत्यल्प अंशसुद्धा पुरेसा असतो. म्हणून आरसीसीबी लावायचा: फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांचा तो सतत ताळा घेत असतो, आणि त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कोणाच्या देहातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत निसटली, की निमिषार्धात पुरवठा तोडतो. दहा वॅटच्या एलईडी दिव्यालाही याहून अधिक प्रवाह लागतो. सामायिक जागेतील वर्गणी अपुरी पडली, तर दिखाऊ खटके मागे ठेवावेत. हा खर्च मागे ठेवू नये.

अर्थिंगच्या बाबतीत खाडीकाठची ओली, खारी माती प्रवाहाला वाट सहज देते, पण तीच लोखंडाला झपाट्याने खाते. तेव्हा पाण्याच्या नळाला तार गुंडाळून समाधान मानण्याऐवजी रीतसर पुरलेल्या अर्थिंगची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मोजणी करून घ्यावी. काम पुरे झाल्यावर वायरमन मेगर या मापकाने ५०० व्होल्टच्या दाबाखाली वेष्टणाची पारख करतो आणि काटा एक मेगओहमच्या वर स्थिरावल्यावरच पुरवठा चालू होतो. त्या वेळी मांडणीत हात घातलेल्या प्रत्येकाने हजर राहावे, आणि चाचणीच्या दाखल्याची एक प्रत बोर्डाशेजारी लावून ठेवावी.

उरते ती भिंतीतून ओढून काढलेली जुनी तार. भंगारात तिला तांब्याच्या भावाने किंमत येते, आणि वेष्टण काढण्याची सोपी रीत म्हणून पुष्कळदा तिला काडी लावली जाते. पीव्हीसी जळून निघणारा आम्लयुक्त काळा धूर मग आसपासच्या घरांत शिरतो. स्वयंसेवकांनी ही भेंडोळी तशीच विकू नयेत. संध्याकाळी चार जणांनी सुऱ्या घेऊन जमिनीवर बसावे, तारेचे वेष्टण सोलून उघडे तांबे वेगळे करावे, आणि वजन करून आलेले पैसे त्या आरसीसीबीच्या खात्यात जमा करावेत.