नववीच्या उंबरठ्यावर अडलेली मुले

शाळांचे वार्षिक निकाल लागले की काही पालक मुलाला घेऊन हमखास दवाखान्यात येतात. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, अंगाने धडधाकट, स्वभावाने शांत. तक्रार ठरलेली असते. "डॉक्टर, आठवीपर्यंत कसाबसा आला, नववीत मात्र सगळ्या विषयांत गेला. बुद्धीसाठी एखादे चांगले टॉनिक द्या." मुलगी असेल तर पुढे आणखी एक वाक्य येते, "आता शाळा बंद करून घरीच बसवावी म्हणतो."

नापास होणारे प्रत्येक मूल बुद्धीने कमी असते, असे मुळीच नाही. पण यातील काही मुलांना सौम्य बौद्धिक अक्षमता असते आणि ती नेमकी याच वयात उघडी पडते. ही मुले चारचौघांसारखी दिसतात, बोलतात, सायकल चालवतात, घरची कामे करतात. त्यामुळे "आळशी आहे", "लक्ष देत नाही" असा शिक्का त्यांच्यावर बसतो आणि मार व टोमणे खात ती शाळेतून बाहेर पडतात.

सौम्य अक्षमता म्हणजे काय?

सर्वसाधारण माणसाचा बुद्ध्यंक १०० च्या आसपास असतो. तो साधारण ५० ते ६९ च्या दरम्यान असेल आणि रोजच्या व्यवहारातही मूल वयाच्या मानाने मागे असेल, तर तिला सौम्य बौद्धिक अक्षमता म्हणतात. केवळ बुद्ध्यंकाच्या आकड्यावरून निदान करत नाहीत. बौद्धिक अक्षमता असलेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे ८५ या सौम्य गटातच मोडतात.

ही मुले शिकतात, पण सावकाश. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत त्यांचे लेखन, वाचन व गणित साधारण सहावीच्या पातळीपर्यंत पोहोचू शकते. म्हणजेच ती वर्तमानपत्राचा मथळा वाचतील, किराण्याचा हिशेब करतील, फॉर्मवर नाव-पत्ता लिहितील. मात्र बीजगणित, भूमितीची प्रमेये आणि विज्ञानातील सूत्रे यांपाशी गाडी अडते. जे हाताने धरता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, अशा कल्पना त्यांना जड जातात.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्यानुसार आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवत नसत. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या परीक्षेची मुभा राज्यांना मिळाली. तरीही खरी चाळणी नववीतच लागते, कारण दहावीचा निकाल डोळ्यांसमोर ठेवून अनेक शाळा नववीतच हात आखडता घेतात.

आधी तपासणी, मग निष्कर्ष

मूल अभ्यासात मागे पडले की प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. थायरॉईडची कमतरता आणि पंडुरोग यांनीही मूल मंदावते आणि हे दोन्ही उपचाराने सुधारतात. फिट्‌सच्या काही औषधांनी सुस्ती येते. परंतु ती औषधे परस्पर कधीही बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलून बदल करावा. मूल बुद्धीने चांगले असूनही केवळ वाचन, लेखन किंवा गणित येत नसेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. तिचे उपाय वेगळे आहेत.

यानंतर मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन करून घ्यावे. आपल्याकडे अनेक वर्षे वापरात असलेली बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी बसवली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. चाचणी मुलाच्या मातृभाषेत होणे महत्त्वाचे. बुद्धी वाढवणारे टॉनिक अस्तित्वात नाही. त्यावर होणारा खर्च चाचणीवर आणि शिकवण्यावर करावा.

प्रमाणपत्राला घाबरू नका

"सर्टिफिकेट काढले तर लग्न जमायचे नाही" या भीतीने कित्येक पालक निदान लपवतात. नुकसान मुलाचेच होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश दिला पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. २०१८ मध्ये ठरलेल्या मोजपट्टीत सौम्य बौद्धिक अक्षमता ५० टक्के धरली आहे, म्हणजे ही मुले त्यात बसतात.

यासाठी शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करावी लागते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना भेटावे, ते मार्ग दाखवतात. हे सारे आठवीत असतानाच उरकावे. दहावीचा अर्ज भरण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची मुदतही पाहून ठेवावी.

पुढे तीन वाटा

पहिली वाट म्हणजे आहे त्याच शाळेत राहणे. मित्र तेच, शिक्षक ओळखीचे, हा मोठा फायदा. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना लेखनिक, जादा वेळ यांसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत मंडळाकडे वेळेत अर्ज जावा लागतो.

दुसरी वाट मुक्त शाळेची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून हे काम करते. तेथे दहावीला एका भाषेसह किमान पाच विषय लागतात आणि बीजगणित-भूमिती घेतलीच पाहिजे असे बंधन नाही. मराठी, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे विषय निवडता येतात. सर्व विषय एकदम सोडवण्याची सक्ती नाही, पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने सोडवता येतात. हे प्रमाणपत्र नेहमीच्या दहावीच्या बरोबरीचे असते. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे.

तिसरी वाट विशेष शाळा व कार्यशाळेची. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून, तर नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी स्थापन केलेली प्रबोधिनी १९७७ पासून हे काम करीत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीही अशा शाळा असतात. मात्र सौम्य गटातील मुलाला थेट तिकडे पाठवण्याची घाई नको. नेहमीच्या शाळेत तो रमत असेल तर तेथेच राहू द्यावे.

वाट कोणतीही घ्या, चौदाव्या वर्षी मुलाला घरी बसवू नका. घरी बसलेल्या मुलाचे आलेले वाचनही दोन वर्षांत विसरते. मित्र तुटतात, चिडचिड वाढते आणि कोणीही त्याला नादी लावू शकते.

घरी आणि वर्गात काय करावे?

• एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती मुलाकडून वदवून घ्यावी.
• अभ्यास पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, पण रोज घ्यावा. उजळणी कंटाळा न करता करावी.
• गणित दुकानात शिकवावे. पन्नासची नोट देऊन सामान आणायला पाठवावे, उरलेले पैसे मोजायला लावावेत. घड्याळ, एस.टी.चे वेळापत्रक, बँकेची स्लिप ही त्याची पाठ्यपुस्तके समजावीत.
• शिक्षकांनी त्याला पुढच्या बाकावर, समजूतदार मित्राजवळ बसवावे. प्रत्येक धड्यातील अत्यावश्यक चार-पाच गोष्टी निवडून तेवढ्याच पक्क्या कराव्यात.
• धाकट्या भावंडाशी तुलना करू नये.
• सुताराच्या, शिंप्याच्या किंवा बेकरीच्या कामाची ओळख सुट्टीत करून द्यावी. मात्र ती शाळेच्या जोडीला, शाळेऐवजी नव्हे.

वयात येण्याचे बदल या मुलांतही वेळेवरच होतात. मासिक पाळी, अंगाची स्वच्छता, कोणी कोठे हात लावू नये आणि लावल्यास घरी लगेच सांगावे, हे सोप्या शब्दांत पुन्हा पुन्हा शिकवावे. या मुलांना फसवणे सोपे असते, म्हणून हा धडा इतिहास-भूगोलाइतकाच आवश्यक आहे. "लग्न लावून दिले की सुधारेल" हा समज तर दोन घरांचे नुकसान करतो.

अशा मुलाची बुद्धी औषधाने बदलता येत नाही, पण अभ्यासक्रम बदलता येतो, परीक्षेची पद्धत आणि शिकवण्याचा वेग बदलता येतो. एवढे बदलले तर यातील बरीचशी मुले मोठेपणी स्वतःच्या पायांवर, किंवा थोड्याशा आधाराने, उभी राहतात. तेव्हा यंदा आठवीत असलेले आपले मूल सतत मागे पडत असेल, तर नववीच्या निकालाची वाट पाहू नका. तपासणी आताच करून घ्या.