कुत्र्यासाठी बिस्किटं घरीच करा. ज्वारी चालते, बेदाणा अजिबात नको

चिकोडी : बसस्थानकाजवळच्या चहाच्या गाड्यावर सकाळी पाच मिनिटं उभं राहा. चहाबरोबर पाच-दहा रुपयांचा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घ्यायचा, दोन आपण खायची आणि उरलेली पायाशी घुटमळणाऱ्या कुत्र्याला टाकायची, हे दृश्य निपाणीत तेच, संकेश्वरात तेच आणि पलीकडं कागल-गडहिंग्लजमध्येही तेच. देणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पुड्यात असतो मैदा, साखर आणि पामतेल. घरी पाळलेल्या कुत्र्यालाही आपण रोज हेच देतो आणि वर्षभरात ते पिंपासारखं गोल झालं की "चांगलं खातंय" म्हणून खूश होतो.

हिशेब साधा आहे. दहा किलो वजनाच्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 600 कॅलरी पुरतात. पशुवैद्यांचा सर्वमान्य नियम असा, की त्यातल्या फार तर दहा टक्के खाऊतून याव्यात आणि बाकीच्या नेहमीच्या जेवणातून. म्हणजे खाऊचा वाटा झाला 60 कॅलरींचा. एका लहान ग्लुकोज बिस्किटात साधारण 20 ते 25 कॅलरी असतात. तीन बिस्किटांत दिवसाचा कोटा संपला. आपण पुडा संपवतो.

मग द्यायचं काय? शहरातल्या पेट शॉपमध्ये चकचकीत पाकिटातली बिस्किटं मिळतात, पण शंभर-दोनशे ग्रॅमला त्यांची किंमत बघितली की आपण घरच्यासाठी काजू तरी घेतो का, असा प्रश्न पडतो. खरं तर आपल्या भागात कुत्र्याचं उत्तम बिस्कीट आधीपासूनच आहे. त्याला आपण कडक भाकरी म्हणतो आणि शेजारचे कानडी लोक कडक रोट्टी. ज्वारीचं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. पातळ थापायची, भाजायची आणि पूर्ण वाळवायची. मीठ आणि तीळ नसलेली कडक भाकरी मोडून तिचे तुकडे दिले, तरी निम्मं काम झालं.

यात गंमत अशी, की जगातलं पहिलं बाजारी डॉग बिस्कीटही अशाच कडक भाकरीवरून सुचलं. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस वीजरोधक विकायला लंडनला गेला होता. बंदरावर खलाशांची उरलेली जहाजी बिस्किटं कुत्री आवडीनं खाताना त्यानं पाहिली. गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि मांसाचा अंश घालून त्यानं त्याच धर्तीवर कुत्र्यांसाठी बिस्कीट तयार केलं आणि 1861 च्या सुमारास त्याचं पेटंट घेतलं. आजचा कोट्यवधींचा धंदा तिथून सुरू झाला.

"कुत्रं मांसाहारी, त्याला भाकरी कशी पचणार?" असं हल्ली मोबाईलवर व्हिडिओ बघणारी मंडळी हटकून विचारतात. याचं उत्तर 2013 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासात आहे. पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र 4 पासून 30 पर्यंत सापडल्या. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं राहून कुत्र्याचं पोट आपल्या धान्याला सरावलंय. इथून जवळच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळचा शिकारी कुत्रा बघा. घोरपडे राजांच्या संस्थानात नावारूपाला आलेला आणि 2005 मध्ये टपाल तिकिटावर झळकलेला हा काटक कुत्रा काही डबाबंद खाद्यावर वाढलेला नाही. अट एकच, धान्य नीट शिजलेलं किंवा भाजलेलं हवं. कच्चं पीठ नको.

करायचं कसं

ज्वारीचं पीठ 120 ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठी वाटी. नाचणीचं पीठ त्याच्या निम्मं. एक मध्यम रताळं उकडून, साल काढून कुस्करलेलं. रताळं नसेल तर तेवढाच लाल भोपळा. एक अंडं. भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचं कूट दोन चमचे. झालं. मीठ नाही, साखर-गूळ नाही, सोडा नाही, तूप-तेल नाही. शेंगदाण्याचं तेल पुरतं.

ज्वारीला चिकटपणा नसतो, हे भाकरी थापणाऱ्या कुणालाही सांगायला नको. म्हणून पीठ कोमट पाण्यानं मळायचं आणि अंडं-रताळ्यानं ते बांधून घ्यायचं. पाणी चमच्याचमच्यानं घाला, कारण रताळं स्वतःचं पाणी सोडतं. घट्ट गोळा झाला की प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून करंगळीच्या निम्म्या जाडीचा लाटा आणि सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडा. हाडाच्या आकाराचे साचे ऑनलाइन मिळतात. ते फोटोसाठी ठीक आहेत, कुत्र्याला त्याचं काही नसतं. वरच्या मापात नखाएवढे साधारण 80 तुकडे होतात आणि एकेका तुकड्यात 10 ते 12 कॅलरी येतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दिवसभरात पाच तुकडे, पाच किलोच्याला तीन आणि वीस किलोच्या धिप्पाड गड्याला नऊ. कुत्रा खाऊ मोजतो तो नगावर, आकारावर नाही. त्यामुळं एका तुकड्याचे दोन करून दोनदा दिले तर तो दुप्पट खूश.

ओव्हन असेल तर 160 अंशावर 25 ते 30 मिनिटं भाजा. मग बंद करून आतच तासभर वाळू द्या. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा जुन्या कुकरमध्ये मीठ अथवा वाळू तापवा, वर स्टँड ठेवून त्यावर ताटली ठेवा आणि झाकण घाला. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायला विसरू नका. मंद आचेवर 35-40 मिनिटं लागतात. तिसरा रस्ता आपल्याकडचा जुना आहे. दिवाळीत रवा-तूप घेऊन नानकटाई भाजून आणायला आपण बेकरीत जातोच की. पाव काढून झाल्यावरची उतरती भट्टी या बिस्किटांना एकदम बेस्ट. फक्त कुणासाठी आहे ते बेकरीवाल्याला आधी सांगा, नाहीतर पोरगं चव बघतं आणि मग "मीठ घालायला विसरला काय, अण्णा?" म्हणून ऐकावं लागतं.

मांसाहार चालणाऱ्या घरात अंड्याबरोबर चमचाभर उकडलेली, बारीक केलेली बकऱ्याची कलेजी घालता येते. वासानंच कुत्रं वेडं होतं. पण कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यामुळं ती रोज नको.

बेदाण्याचं काय

आता मुख्य मुद्दा. घरचं म्हणजे चांगलंच, असं समजून आपण या बिस्किटात मूठभर बेदाणे घालायला जातो. आपला मुलूखच बेदाण्याचा. अथणीपासून तासगाव-सांगलीपर्यंत शेडच्या शेड, सांगलीच्या बेदाण्याला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं. घराघरात डबा भरलेला असतो. पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ले म्हणजे धोका, याचं पक्कं माप नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राहतं, दुसरं थोड्याशा बेदाण्यांनी आडवं होतं.

असं का, याचा उलगडा बरीच वर्षं होत नव्हता. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या पशुवैद्यांनी 2021 मध्ये एक धागा पुढं आणला. घरी केलेली खेळण्याची कणीक खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यात त्यांना द्राक्षाच्या विषबाधेसारखीच लक्षणं दिसली. त्या कणकेत 'क्रीम ऑफ टार्टर' होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. हेच आम्ल द्राक्षात भरपूर असतं आणि जात, पिकण्याची अवस्था, हवामान यांनुसार कमी-जास्त होतं. म्हणून कुठला बेदाणा बाधेल, सांगता येत नाही. आणि हेच आम्ल आपल्या चिंचेतही असतं. त्यामुळं चिंच-गुळाची आमटी कुत्र्याच्या भाकरीवर ओतायची सवय असेल, तर तीही सोडा.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. दोन वर्षांमागं पूजेच्या दिवशी शिऱ्यासाठी आणलेली बेदाण्यांची पिशवी आमच्या मोत्यानं ओट्यावरून ओढली. नऊ किलोचं कुत्रं, अर्धी पिशवी फस्त. फोनवर एका दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, "बेदाणे कुणाला बाधतात? घाबरू नका." बायकोला ते पटलं नाही, म्हणून गाडी काढून दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ताबडतोब उलटी करवली, दोन दिवस सलाईन लावलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहिले. मोत्या वाचला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही तासाभरात आलात म्हणून सोपं गेलं. सुरुवातीला उलट्या, मग मरगळ, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होणं, असा हा क्रम असतो. लघवी बंद होईपर्यंत थांबलं तर हातात फारसं काही उरत नाही.

दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून गुरुवारी प्रसादाचा घास कुत्र्याला देणारे भाविक आपल्याकडं खूप आहेत. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांनाही ही सवय असते. घास जरूर द्या, पण शिऱ्यातला नको. साधी भाकरी द्या.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याची. शेंगा ओल्या राहिल्या की त्यांवर बुरशी येते आणि ती बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते कुत्र्याच्या यकृतावर जातं. अमेरिकेत 2020 च्या अखेरीस एका कंपनीच्या तयार खाद्यात हे विष जास्त निघालं आणि 110 हून अधिक कुत्री मेल्याची नोंद तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडं झाली. आपण मात्र "माणसाला नको, कुत्र्याला चालतंय" म्हणून खवट दाणे आणि पावसात काळी पडलेली ज्वारी बाजूला काढतो. भट्टीत घातलं तरी हे विष पुरतं जळत नाही. जे दाणे तुम्ही स्वतः खाणार नाही, ते त्या कुटात नकोत.

बाकीचं थोडक्यात. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून तांबड्या रश्शातलं उरलेलं मटण धुऊनसुद्धा या बिस्किटात घालू नका. शिजलेली हाडं तर नकोच, ती फुटून आतड्यात रुततात. चॉकलेट आणि कोको वर्ज्य. बाजारातलं पीनट बटर वापरणार असाल तर लेबल वाचा. 'शुगर फ्री' डब्यात झायलिटॉल असेल तर तासाभरात कुत्र्याची रक्तशर्करा कोसळते. गूळ विष नाही, पण ऊसपट्ट्यातल्या आपल्या सैल हाताला तो किती घातला याचा अंदाज राहत नाही, म्हणून नकोच. तंबाखू बिस्किटात कुणी घालणार नाही, पण तो मळलेल्या हातानं खाऊ भरवू नका. निकोटीन कुत्र्याला फार वाईट.

चुकून काही खाल्लंच, तर मीठ-पाणी पाजून घरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, मिठाचीच विषबाधा होते. काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं कागदावर लिहून, पाकीट असेल तर तेही घेऊन सरळ पशुवैद्याकडं जा. फिरत्या पशुचिकित्सा वाहनांसाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. मात्र ती सेवा मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, म्हणून जवळच्या डॉक्टरांचा नंबर आधीच मोबाईलमध्ये ठेवलेला बरा. किडनी, मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला ही बिस्किटंही विचारूनच द्यायची. आणि हा खाऊ आहे, जेवण नाही. निव्वळ यावर कुत्रं ठेवलं तर कॅल्शियम कमी पडेल.

या बिस्किटांत टिकवण्याचं काहीच घातलेलं नसतं, त्यामुळं पूर्ण गार झाल्यावरच ती स्टीलच्या घट्ट डब्यात भरा. उन्हाळ्यात दोन आठवडे राहतात. पावसाळ्यात आठवड्यापुरतीच करा, उरलेली फ्रीजमध्ये. तुकडा मोडताना कट्ट असा आवाज यायला हवा. वाकला तर पुन्हा दहा मिनिटं तव्यावर टाका, वास आला तर उकिरड्यात, आणि तोही झाकून, नाहीतर गल्लीतली कुत्री आहेतच.