अधिवृक्क ग्रंथीतील गाठ आणि तिची परीक्षा

मूतखड्याच्या शंकेने पोटाचा सी.टी. स्कॅन करावा आणि अहवालात ‘ॲड्रिनल ग्रंथीत गाठ’ अशी ओळ निघावी, की घरची मंडळी खचून जातात. वास्तविक अशा अकल्पितपणे आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात.

ॲड्रिनल, म्हणजेच अधिवृक्क ग्रंथी, प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक अशी असते. वजन सुमारे ५ ग्रॅम. परंतु रक्तदाब व क्षारांचे नियमन करणारी संप्रेरके तीच स्रवते. गाठीचा स्वभाव जाणण्यास कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन न देता केलेला साधा सी.टी. स्कॅन फार उपयोगी पडतो. त्यात घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाण्याची घनता शून्य. गाठ एकजिनसी असून आकडा १० किंवा त्याहून कमी असल्यास ती मेदयुक्त व सौम्य समजतात. संप्रेरकांची तपासणी मात्र तेव्हाही करावी. दोन्ही ग्रंथी वाढलेल्या दिसल्यास आपल्याकडे क्षयरोगही ध्यानात घ्यावा लागतो.

आकडा अधिक असला, तरी घाईने सुईने तुकडा काढणे धोक्याचे. गाठ फिओक्रोमोसायटोमाची असल्यास रक्तदाब अनावर होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून रक्तातील अथवा चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिनची तपासणी आधी. तिच्यात दोष आढळल्यास गरजेनुसार एम.आय.बी.जी. किंवा गॅलियम-६८ पेट स्कॅन करतात. एम.आय.बी.जी.साठी लागणारे किरणोत्सारी आयोडीनयुक्त द्रव्य आपल्याच जिल्ह्यातील वाशी येथील ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था पुरवत आली आहे.

जुन्या स्कॅनची फिल्म वा सी.डी. नातेवाइकांनी अवश्य सोबत आणावी. गाठ वाढली की तेवढीच राहिली, हे तिच्यावरूनच कळते.