ज्या कबुलीला किंमत नाही

पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला कोर्टात काडीची किंमत नाही. ही सोय कुणा मानवाधिकारवाल्याने नव्हे, इंग्रजांनी केली. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगायचं, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ म्हणून ते कायम आहे. म्हणजे गोऱ्या साहेबाचा स्वतःच्याच फौजदारावर भरवसा नव्हता! १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाचा चौकशी अहवाल आला होता. कबुलीसाठी आणि शेतसाऱ्यासाठी माणसांचे काय हाल होतात, ते कंपनी सरकारला त्यातून कळून चुकलं होतं.

मग कोठडीत मारतात कशाला? खरी गंमत इथे आहे. जुन्या कायद्यात दोनच कलमं पुढे, कलम २७ मध्ये, एक दार किलकिलं ठेवलं होतं; नव्या कायद्यात ते कलम २३ मध्येच कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्यातला तेवढा भाग पुरावा ठरतो. 'मोबाइल कडब्याच्या गंजीत ठेवलाय, काढून देतो' असं तो म्हणतो. दोन पंचांसमोर निवेदन लिहिलं जातं, गंजी उसकटली जाते, मुद्देमाल हस्तगत. हे वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं, त्याचा रकाना पंचनाम्यात नसतो. बळजबरीने काढलं असेल तर संविधानाचं कलम २० आडवं येतं खरं, पण बळजबरी झाली हे बंद खोलीतून बाहेर येऊन सांगणार कोण?

सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये लुटीच्या तक्रारीवरून अनिकेत कोथळे आणि त्याच्या साथीदाराला शहर पोलिसांनी पकडलं. ठाण्यातून सांगण्यात आलं, दोघंही पळाले. घरच्यांना ते पटलं नाही. आरोप असा, की ६ नोव्हेंबरच्या रात्री थर्ड डिग्रीत अनिकेतचा जीव गेला आणि मृतदेह कृष्णाकाठापासून थेट सिंधुदुर्गातल्या आंबोलीला नेऊन जाळला गेला. तपास सीआयडीकडे गेला, उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. त्यांच्यासोबत एक 'झिरो पोलीस'ही होता. झिरो म्हणजे अंगावर वर्दी नाही, हजेरीपटावर नाव नाही, पण ठाण्यात वावर मात्र रोजचा. जबाबदारी कुणाची हे विचारायला गेलं, तर या माणसाचा कागदच नाही.

या गोष्टीतलं 'पळाला' हे उत्तर कायद्याने आधीच ओळखलेलं होतं. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७६(१अ) आलं. कोठडीत माणूस मेला तरच नव्हे, 'नाहीसा' झाला तरीही न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी सक्तीची. ज्याने कुणी मसुद्यात तो शब्द घातला, त्याने पोलीस ठाणी जवळून पाहिली असणार.

सातारा-सांगली १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता, नाना पाटलांच्या इंग्रजविरोधी प्रतिसरकारचा. त्या सरकारनेही खबऱ्यांच्या आणि दरोडेखोरांच्या तळपायांवर काठ्या चालवल्या. ती आठवण लोक कौतुकाने सांगतात. तळपायाच्या माराला आपल्याकडे टाळ्या पडतात, फक्त पाय कुणाचे ते बघून. 'चोराला फोडलाच पाहिजे' हे पारावरचं मत ठाण्याच्या भिंतीआड पोचतं, यात मला शंका नाही.

डी. के. बसू निकालाने १९९६ मध्ये अटकेचं टिपण, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळं घालून दिलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉकअपपासून व्हरांड्यापर्यंत सीसीटीव्ही लावायला सांगितलं. पण टिपण लिहिणारा आणि कॅमेऱ्याची कळ सांभाळणारा त्याच ठाण्यातला.

या गाठीवर नेमका इलाज विधी आयोगाने १९८५ मध्येच, ११३ व्या अहवालात, सुचवला होता: कोठडीत असताना इजा झाली असेल, तर ती ताबा असलेल्या पोलिसानेच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. तसं नाही हे पोलिसाने दाखवावं. छोटंसं कलम, ११४ ब. २०२३ मध्ये पुरावा कायदा अख्खा नव्याने लिहिला गेला, त्यातही ते आलं नाही.