काचेतल्या समुद्राचा जमाखर्च

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सुमारे आठ लाख रुपये खर्चून उभारलेल्या या वास्तूसाठी डी. बी. तारापोरवाला यांनी दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. शाळेच्या सहलीतून आलेल्या कित्येक पिढ्यांनी समुद्राचे अंतरंग प्रथम पाहिले ते तेथील काचांआडून. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले आणि २०२० च्या महासाथीत त्याची दारे बंद झाली. परंतु त्या काचांनी मनात रुजविलेले कुतूहल आजही अनेक घरांत जिवंत आहे.

या मत्स्यालयासमोर उभे राहिले की एक प्रश्न सहज मनात येई. रस्त्याच्या एका बाजूला अथांग अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या पेटीत कोंडलेले खारे पाणी. समुद्राचे पाणी कोणी बदलत नाही, तरी ते नासत नाही. पेटीतील पाणी मात्र काही दिवस दुर्लक्ष झाले तरी जीवघेणे ठरते. मग पेटीतील पाणी ठरावीक दिवसांनी बदलावे, की समुद्राप्रमाणे तेच पाणी वर्षानुवर्षे राखता येईल? प्रवाळांची मत्स्यालये सांभाळणाऱ्यांमध्ये हा वाद दीर्घकाळ चालत आला आहे.

जुना वाद, जुने प्रयोग

या वादाची मुळे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडतात. १८४६ मध्ये ॲना थिन या महिलेने टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. आरंभी त्यांच्यासाठी किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी मागवावे लागे. पुढे त्यांनी तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याचा मार्ग काढला. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी बसून एका भांड्यातील पाणी दुसऱ्या भांड्यात बराच वेळ ओतत राही, जेणेकरून पाण्यात हवा मिसळावी. नंतर पात्रात समुद्रवनस्पती सोडण्यात आल्या आणि प्रवाळ टिकले.

याच्या अगदी उलट उदाहरण स्कॉटलंडचे. सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून काचेच्या भांड्यात ठेवले. समुद्रपुष्प हे नाव फुलाचे असले तरी तो प्राणीच, प्रवाळांचा जवळचा भाऊबंद. त्याचे पाणी नेमाने बदलले जाई. डॅलियेल १८५१ मध्ये निवर्तले; ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी या नावाने ओळखला गेलेला हा जीव मात्र हस्ते परहस्ते सांभाळला जाऊन १८८७ पर्यंत जगला. एकीकडे पाणी राखून जगलेले प्रवाळ, दुसरीकडे पाणी बदलून एकोणसाठ वर्षे जगलेली ‘आजी’. दोन्ही मार्ग यशस्वी होऊ शकतात, एवढे तर तेव्हाच दिसून आले होते.

काय साचते, काय सरते

अंगठीतील पोवळ्यामुळे प्रवाळ हे नाव घरोघरी परिचित आहे. तथापि प्रवाळ हा मुळात इवल्या प्राण्यांचा समूह असतो, याची जाणीव थोड्यांनाच असते. उष्ण समुद्रातील बहुतेक भित्तिकारक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. प्रकाशाच्या साहाय्याने ते अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानास देते. प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपला चुनखडीचा सांगाडा रचत जातात.

पेटीतील पाण्याचा हिशेब येथेच सुरू होतो. माशांना घातलेले अन्न ही जमेची बाजू. त्याचा काही भाग माशांच्या अंगी लागतो, उरलेल्याचा अमोनिया होतो. अमोनिया विषारी, परंतु खडकांवर व वाळूत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जीवाणू स्थिरावण्यास साधारण महिना-दीड महिना लागतो. नायट्रेट तितके घातक नसते, पण ते साचत राहते. प्रवाळभित्तीवरील समुद्रात त्याचे प्रमाण लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही पुष्कळ कमी असते.

खर्चाच्या बाजूला कॅल्शियम, मॅग्नेशियम व कार्बोनेट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत कॅल्शियम अवघे ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, तर मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम. सांगाडा वाढू लागला की ही शिल्लक घटू लागते.

बाष्पीभवनाची गोष्ट निराळी. उरण, वसई, भाईंदरच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले तत्त्वच पेटीतही लागू पडते: पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून घटलेल्या पातळीची भरपाई गोड्या पाण्याने करावयाची असते. अनेक नवखे येथे खारे पाणी ओततात आणि नकळत पेटीचे मिठागर करतात.

टक्केवारीचे गणित

पाणी बदलणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, परंतु त्याची मर्यादा गणितानेच उघड होते. समजा, एका पेटीत दर आठवड्यास लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते आणि दर आठवड्यास दहा टक्के पाणी बदलले जाते. आरंभी नायट्रेट वाढतच जाईल. वाढता वाढता ते ५० मिलिग्रॅमला पोहोचले की दहा टक्के पाण्याबरोबर नेमके ५ मिलिग्रॅम बाहेर पडतील आणि वाढ थांबेल. वीस टक्के पाणी बदलल्यास ही पातळी २५ वर स्थिरावते. म्हणजेच नेमाने पाणी बदलूनही पाणी समुद्रासारखे शुद्ध होत नाही. ते केवळ एका ठरावीक मर्यादेत राहते.

कॅल्शियमचेही तसेच. दाट प्रवाळांच्या पेटीत रोज लिटरमागे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडत असेल, तर आठवड्यात जवळजवळ ५० मिलिग्रॅमची तूट येते. दहा टक्के नव्या पाण्याने त्यातील सुमारे ५ मिलिग्रॅमच भरून निघतात. बाकीची तूट दुसऱ्या मार्गाने भरणे भाग असते.

निसर्गाच्या हाती कारभार

याच मर्यादेमुळे अनेकांनी पाणी शुद्ध करण्याचे काम निसर्गाकडे सोपविण्याचे प्रयत्न केले. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातील जीवांनी भरलेले खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर आधारलेली आपली ‘नैसर्गिक पद्धत’ प्रसिद्ध केली. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात ज्याँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याचा पोकळ कप्पा राखला. अशा प्राणवायू कमी असलेल्या थरातील जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात व तो हवेत निघून जातो. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी प्रखर प्रकाशात शेवाळ वाढवून, ते वेळोवेळी खरवडून, त्याबरोबर साचलेली द्रव्ये बाहेर काढण्याची पद्धत अंगीकारली.

ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये सुमारे २५ लाख लिटर पाण्याची प्रचंड प्रवाळभित्ती उभारली गेली, तेव्हा आरंभी या शेवाळाच्या पद्धतीवरच भिस्त होती. पुढे ती बदलण्यात आली. एक दोष दूर करणारी पद्धत सर्वच दोष दूर करतेच असे नाही. शेवाळ नायट्रेट शोषून घेते, पण सांगाड्यासाठी लागणारे कॅल्शियम ते आणून देत नाही.

चुन्याची निवळी

ही उणीव भरून काढणारा एक उपाय मराठी घरांना चांगलाच ओळखीचा आहे: चुन्याची निवळी. न विरघळलेला चुना खाली बसू देऊन वरचे स्वच्छ पाणी घेणे, एवढीच त्याची कृती. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी प्रवाळांच्या पेटीत तिचा पुरस्कार केला. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई साध्या पाण्याऐवजी निवळीने केली, तर तिच्याबरोबर कॅल्शियमही मिळते. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो आणि ही निवळी अतिशय अल्कधर्मी असते. म्हणून ती थेंबाथेंबानेच सोडावी लागते. त्यातही रात्रीची वेळ उत्तम, कारण अंधारात शैवालाचे प्रकाशसंश्लेषण थांबते व पाण्याची आम्लता वाढू लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे अनेकांना आठवत असेल. तेथे तयार होणारी खडू आणि प्रवाळाचा सांगाडा हे रसायनाच्या दृष्टीने एकच होत.

मोठ्या पेट्यांना निवळी पुरत नाही. तेथे कॅल्शियम क्लोराइड व खाण्याच्या सोड्याचे रसायन वेगवेगळे द्यावे लागते. यात एक छुपी गोम आहे. प्रवाळ त्यातून कॅल्शियम व कार्बोनेट उचलतात, पण मागे राहिलेले सोडियम व क्लोराइड म्हणजे साधे मीठच. महिनोन्‌महिने असे मीठ साचत गेले की पाण्यातील क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण ढळते. शिवाय दीर्घकाळ न बदललेल्या पाण्याला सेंद्रिय द्रव्यांमुळे पिवळसर झाक येते. ती सक्रिय कोळशाने दूर होते. ढळलेले क्षारांचे प्रमाण मात्र चाचणीशिवाय ध्यानातही येत नाही.

‘पाणी न बदलणे’ म्हणजे ‘काही न करणे’ नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. नव्या पाण्याची एक बादली अनेक कामे एकाच वेळी करते: साचलेले थोडे काढते, सरलेले थोडे भरते आणि प्रमाण पुष्कळसे सावरते. ही बादली ज्याला टाळावयाची आहे, त्याने ती सारी कामे एकेक करून स्वतः अंगावर घ्यावी लागतात; क्षारता, कॅल्शियम, नायट्रेट यांची नियमित मोजणी करून वहीत नोंद ठेवावी लागते. ज्याला एवढी सवड नाही, त्याने माशांची संख्या मोजकी ठेवून, अन्न बेताने घालून, नेमाने थोडे पाणी बदलावे, हेच श्रेयस्कर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा नियम पाण्यालाही लागू आहे.

आपल्या किनाऱ्याचे धन

भारतीय हौशी मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. २००१ पासून भित्तिकारक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे. आपल्या समुद्रातील प्रवाळ काढून घरी आणणे हा गुन्हा आहे. घरच्या पेटीत रीतसर मिळणारे मासे सांभाळावेत. प्रवाळ पाहावेत ते समुद्रात.

असे प्रवाळ महाराष्ट्राच्या समुद्रातही आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यास १९८७ मध्ये मान्यता मिळाली. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारी ‘आंग्रिया बँक’ ही बुडालेली प्रवाळभित्ती आहे. ठेवींची नव्हे, परंतु निसर्गाची ही खरीखुरी पेढीच. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही प्रवाळ तग धरून आहेत. २०२० मध्ये किनारी रस्त्याच्या वाटेत आलेल्या त्यांच्या वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली उचलून अन्यत्र वसविण्यात आल्या.

पेटीतील प्रवाळ जगविण्याचे ज्ञान आता केवळ हौसेपुरते राहिलेले नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फ्लोरिडाचा समुद्र असह्य तापला, तेव्हा रोपवाटिकांतील प्रवाळ उचलून किनाऱ्यावरील टाक्यांत हलवावे लागले. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. पाणी तापले की शैवाल प्रवाळाची साथ सोडते, प्रवाळ पांढरा पडतो आणि उष्णता न ओसरल्यास उपासमारीने मरतो. अशा वेळी टाकीतील प्रत्येक लिटर पाणी जाणणाऱ्या माणसांची समुद्राला गरज भासते.

समुद्रही शेवटी एक बंद पात्रच आहे. मानवाने हवेत सोडलेल्या कर्बवायूचा सुमारे चौथा हिस्सा तो शोषून घेतो, आणि औद्योगिक क्रांतीपासून त्याच्या पाण्याची अल्कता हळूहळू उतरत आली आहे. घरातील पेटी बिघडली तर नवे पाणी आणता येते. या मोठ्या पेटीसाठी मात्र बदली पाणी कोठेही शिल्लक नाही. तिचा जमाखर्च आपणच सांभाळावयाचा आहे.