देहाचे व्यापार : लेखांक सहावा – हृदयाचा हिशेब

गेल्या लेखांकात श्वासाची हकीकत सांगून झाली. आता त्या श्वासातून मिळालेला प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यांत वाहून नेणाऱ्या रक्ताकडे वळावयाचे. डॉ. जोनाथन मिलर यांनी १९७८ साली बीबीसीसाठी सिद्ध केलेल्या ‘द बॉडी इन क्वेश्चन’ या तेरा भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेतील सर्वांत मोलाचा विचार, माझ्या मते, याच विषयाशी निगडित आहे. मिलर हे वैद्यकाचे रीतसर पदवीधर, परंतु नाट्यदिग्दर्शक म्हणून नावाजलेले. त्यामुळे अमूर्त कल्पना प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे मूर्तिमंत उभी करण्याची हातोटी त्यांना साधलेली होती.

त्यांचे प्रतिपादन असे की, मनुष्याला आपल्या देहाचे व्यापार उमगतात ते त्याने आपल्याच हातांनी घडविलेल्या यंत्रांच्या साह्याने. दुसऱ्या शतकातील गेलन हा असामान्य बुद्धीचा वैद्य. धमन्यांत वायू नसून रक्त असते हे त्यानेच दाखवून दिले. तथापि यकृत अन्नापासून सतत नवे रक्त निर्माण करते आणि अवयव ते शोषून संपवितात ही त्याची समजूत कायम राहिली, व तिचा अंमल युरोपच्या वैद्यकावर सुमारे चौदाशे वर्षे चालला. पुढे खाणींतले पाणी उपसणारे झडपांचे पंप सर्रास वापरात आले, आणि मग इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याला हृदयाचे खरे कार्य ओळखता आले, असे मिलर म्हणतात.

हा विचार मला मान्य आहे, परंतु पुरता नव्हे. पंपाने कल्पना सुचविली असेल; तिची रुजुवात केली ती हिशेबाने. हृदयाच्या एका ठोक्यासरशी अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासातील हजारावर ठोक्यांत पाचशे औंस, म्हणजे सुमारे चौदा किलो रक्त, हृदयातून जावयास हवे. एवढे रक्त देहात मुळी नसतेच, आणि खाल्लेल्या अन्नातून ते निपजणेही अशक्य. तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे, हा निष्कर्ष हार्वेने १६२८ साली प्रसिद्ध केला.

त्याचा दुसरा पुरावा तर आपल्या हातावरच आहे. दंडाला पट्टी बेताची आवळली म्हणजे हाताच्या शिरा तट्ट फुगतात आणि त्यांवर मधूनमधून गाठींसारखे उंचवटे दिसू लागतात, त्या झडपा. पादुआ येथील हार्वेचे गुरू फॅब्रिसियस यांनी त्या पाहून त्यांचे वर्णनही केले होते, परंतु रक्ताचा खाली येणारा लोंढा त्या आवरतात, एवढाच अर्थ त्यांनी काढला. हार्वेने फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त वरच्या झडपेपलीकडे सारले. मधला भाग रिकामाच राहिला, वरून रक्त लोटूनही झडपेने ते खाली उतरू दिले नाही, आणि खालचे बोट उचलताच शीर पुन्हा भरून आली. शिरांतील रक्त हृदयाकडेच जाते, याहून सोपा दाखला वैद्यकाच्या दप्तरात क्वचितच सापडेल.

धमन्यांतील रक्त शिरांत कोणत्या वाटेने उतरते, हे मात्र हार्वेला पाहावयास मिळाले नाही. तो १६५७ साली वारला. १६६१ साली माल्पिघी या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात ती वाट, म्हणजे केसासारख्या बारीक केशवाहिन्या, पाहिल्या. त्यांची हकीकत पुढील लेखांकात.