उरल्यासुरल्याचं सोरपोतेल

डुक्कर कापलं की चांगल्या मांसाला गिऱ्हाईक असतंच. प्रश्न उरतो तो कलेजीचा, हृदयाचा, चरबीच्या कडांचा आणि बारीकसारीक तुकड्यांचा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे सोरपोतेल. नाताळ असो, फेस्त असो की लग्न, त्याच्याशिवाय जेवणाला शोभा नाही. उरल्यासुरल्याला असा मान मिळालेला मला दुसरीकडे फारसा दिसला नाही.

मूळ पदार्थ पोर्तुगालचा. तिथल्या आलेंतेझु भागात ‘सारापातेल’ होतं, कलेजी आणि रक्त घालून, कधी कोकराचं, कधी डुकराचं. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा ‘गोंधळ’ असाही अर्थ होतो, आणि पातेल्यात डोकावलं की तो पटतो! १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा जिंकला. पुढं हा पदार्थ आला आणि इथलाच झाला. लाल मिरचीही त्यांनीच अमेरिकेतून आणलेली. पण ती जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, लसूण यांच्याबरोबर विनागरीत वाटायची, ही इथल्या सुगरणींची करामत.

कृतीत खरी गंमत आहे ती क्रमाची. मांस आधी मिठाच्या पाण्यात उकडायचं. कच्चं मांस हाताखाली सरकतं. उकडलेलं घट्ट होतं आणि त्याचे वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, एकसारखे तुकडे पडतात. मग ते त्यांच्याच चरबीत परतायचे. कलेजी वेगळी परतायची, कारण जास्त शिजली की ती चिवट होते. शेवटी वाटण, विनागर आणि मंद आच.

आणि मग वाट पाहायची. तुम्ही म्हणाल, गरमागरम का नको खायला? खा, पण चव तिसऱ्या दिवशी लागते. विनागरीचं आम्ल जंतूंना वाढू देत नाही आणि मसालाही आतवर मुरतो. शीतकपाट नसताना घरोघरी ते रोज उकळून ठेवत. आज मात्र ते शीतकपाटातच ठेवावं.

आमच्या वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांतही सोरपोतेल होतं. तिथं बाटलीतला मसाला पडतो आणि सोबत फुगे असतात. गोव्यात सुरेनं आंबवलेली सान्नां.

रक्त घालणं आता बहुतेक घरांनी सोडलं आहे. ते लवकर नासतं, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कलेजी नको म्हणणारी नवी पिढी मला खटकते. कलेजीचा तो किंचित कडसर दाटपणा गेला की उरतं ते नुसतं आंबट-तिखट मांस. त्याला विंदालूचा धाकटा भाऊ म्हणा हवं तर.

त्याहून मोठी चिंता विनागरीची आहे. ती माडाच्या सुरेपासून होते, आणि माडावर चढणारे रेंदेर कमी होत चालले आहेत. बाजारातलं कृत्रिम व्हिनेगर जिभेला नुसतं झोंबतं. सुरेचा मागाहून जाणवणारा गोडवा त्यात नसतो. तेच वापरावं लागलं तर आधी पाणी घालून सौम्य करा, चमच्याचमच्यानं घाला आणि चवीला चिमूटभर गूळ टाका.